देहाचा नकाशा रेखणारा वैद्य : आंद्रेआस व्हेसेलियस

सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील विद्यापीठांत शवविच्छेदनाचा वर्ग भरे, तेव्हा प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचत. खाली मेजावरील मृतदेहावर सुरी चालवण्याचे काम न्हावी-शल्यकाराकडे असे आणि तिसरा एक सहायक छडीने अवयव दाखवी. वाचणारा देहाकडे पाहत नसे आणि कापणाऱ्याला ग्रंथातील लॅटिन कळत नसे. ग्रंथात एक आणि मेजावर दुसरेच आढळले, तर त्या देहातच काही विकृती असावी, असे मानून पुढे जाण्याचा प्रघात होता. हा प्रघात मोडला तो आंद्रेआस व्हेसेलियस या तरुण वैद्याने. आधुनिक शरीररचनाशास्त्राचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

वर्गात वाचला जाणारा तो ग्रंथ बहुधा गेलेनच्या शिकवणीवर आधारलेला असे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेला हा ग्रीक वैद्य असामान्य बुद्धीचा होता. मात्र त्या काळी रोममध्ये मानवी शवविच्छेदनाची प्रथा नसल्याने त्याने माकडे, डुकरे आणि इतर जनावरांची चिरफाड करून माणसाच्या शरीराविषयी अनुमाने बांधली होती. ही अनुमाने पुढे तेरा शतके प्रमाण मानली गेली.

व्हेसेलियसचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रुसेल्स येथे झाला. वैद्यकी त्याच्या घराण्यात काही पिढ्या चालत आली होती. वडील सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सेवेत औषधी सिद्ध करीत. लूव्हेन येथे आरंभीचे शिक्षण घेऊन १५३३ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथील त्याचे गुरू जाकोबुस सिल्व्हियस हे गेलेनचे निस्सीम भक्त होते. वर्गातील दर्शनाने व्हेसेलियसचे समाधान होईना. शहरातील जुन्या दफनभूमीत उघड्यावर पडलेली हाडे तासन् तास हाताळून त्याने अस्थींचा अभ्यास केला. १५३६ मध्ये फ्रान्स आणि सम्राट यांच्यात युद्ध पेटल्याने त्याला पॅरिस सोडावे लागले. लूव्हेनला परतल्यावर गावाबाहेरच्या वधस्तंभावर लटकत असलेला एका गुन्हेगाराचा सांगाडा त्याने तुकड्यातुकड्यांनी गुपचूप घरी आणून जोडला.

५ डिसेंबर १५३७ रोजी इटलीतील पादुआ विद्यापीठाने त्याला वैद्यकाची पदवी दिली आणि दुसऱ्याच दिवशी शल्यक्रिया व शरीररचना या विषयांचे अध्यापन त्याच्याकडे सोपवले. वयाची २३ वर्षेही पूर्ण न झालेला हा अध्यापक आसनावरून खाली उतरला. वाचणारा, कापणारा आणि दाखवणारा या तिन्ही भूमिका त्याने स्वतःकडे घेतल्या. विद्यार्थी मेजाभोवती दाटीवाटीने उभे राहू लागले. पुढे पादुआतील एका न्यायाधीशाने देहदंड झालेल्या गुन्हेगारांची शवे त्याला मिळवून दिली. त्या काळच्या शरीरशास्त्राची ही काळी बाजूही नोंदवायला हवी. ज्यांच्या देहांवर हे ज्ञान उभे राहिले, त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.

गेलेनचा पगडा व्हेसेलियसच्या मनावरूनही एकाएकी उतरला नाही. १५३८ मध्ये त्याने विद्यार्थ्यांसाठी सहा मोठे चित्रफलक छापले. त्यांत यकृताला पाच खंड दाखवले होते आणि मेंदूच्या तळाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे ते अद्भुत जाळेही होते, ज्याचे वर्णन गेलेनने केले होते. असे जाळे मेंढ्या, बैल आदी जनावरांत असते, माणसात नसते. स्वतः देह उघडून पाहणारा हा माणूसही तोवर पुस्तकातलेच पाहत होता. १५४० मध्ये बोलोन्या येथे त्याने माकडाचा आणि माणसाचा सांगाडा शेजारी शेजारी मांडले. कंबरेच्या मणक्यांवरील गेलेनने वर्णिलेला एक उंचवटा माकडात होता, माणसात नव्हता. गेलेनने वर्णिलेला देह माणसाचा नाही, ही गोष्ट त्याच्यापुरती आता पक्की झाली होती.

त्यानंतरच्या अथक परिश्रमांतून १५४३ मध्ये मानवी देहाच्या रचनेवरील त्याचा सात खंडांचा ग्रंथ स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ओपोरिनस या मुद्रकाने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कोपर्निकसचा सूर्यकेंद्री विश्वाचा ग्रंथही प्रकाशित झाला, हा योगायोग इतिहासकार आवर्जून नोंदवतात. व्हेसेलियसचे वय तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. सहाशेहून अधिक मोठ्या पृष्ठांच्या या ग्रंथात दोनशेहून अधिक चित्रे होती. त्यांचे लाकडी ठसे व्हेनिसहून आल्प्स पर्वत ओलांडून बाझेलला नेण्यात आले. एकेक थर उतरवत नेलेले, निसर्गदृश्याच्या पार्श्वभूमीवर उभे असलेले त्यातील स्नायुपुरुष आजही पाहणाऱ्याला थक्क करतात.

ग्रंथाची मांडणीही विचारपूर्वक केलेली होती. देहाचा आधार असलेली हाडे आणि कूर्चा प्रथम, मग हाडे सांधणारे अस्थिबंध आणि ती हलवणारे स्नायू, पुढे रक्तवाहिन्या, त्यानंतर मज्जातंतू, पोटातील व प्रजननाची इंद्रिये, हृदय व फुप्फुसे आणि अखेरीस मेंदू, असा तो क्रम होता. खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा असतो, उरोस्थीचे भाग सात नसून तीन असतात, स्त्री आणि पुरुष यांच्या बरगड्यांची संख्या सारखीच असते, अशा कितीतरी गोष्टी त्याने प्रत्यक्ष पाहून नोंदवल्या. मेंदूच्या तळाशी असलेले ते अद्भुत जाळे माणसात नसते, हेही त्याने स्पष्ट लिहिले. पाच वर्षांपूर्वी स्वतःच छापलेली चूक त्याने अशा रीतीने दुरुस्त केली.

या ग्रंथाचे आणखी एक मोल म्हणजे परिभाषेची शिस्त. तोवर एकाच अवयवाला ग्रीक, लॅटिन, अरबी आणि हिब्रू परंपरांतून आलेली वेगवेगळी नावे होती आणि कित्येकदा एकच नाव निरनिराळ्या अवयवांना लावले जाई. व्हेसेलियसने ही नावे एकत्र मांडली आणि कोणते नाव कशासाठी, हे स्पष्ट केले. कंडरा, अस्थिबंध आणि मज्जातंतू हे तिन्ही दिसायला पांढरे व दोरीसारखे असल्याने त्यांना एकाच जातीचे मानणारा एक मतप्रवाह होता. मेंदू आणि मेरुरज्जूतून निघून संवेदना व हालचालीची प्रेरणा वाहून नेतो तोच मज्जातंतू, अशी भेदरेषा त्याने आखली. हा घोळ किती स्वाभाविक आहे, हे आपल्याकडील एका शब्दावरून कळते. सुश्रुतसंहितेत बंधनाचे काम करणाऱ्या तंतूंना स्नायू म्हटले आहे, मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस, तर हिंदीत तोच शब्द मज्जातंतूसाठी वापरला जातो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन पाळ्यांच्या झडपेची बिशपच्या शिरोभूषणाशी, म्हणजे माय्टरशी, तुलना करणाराही व्हेसेलियसच. आज डॉक्टरांच्या अहवालात दिसणारे मायट्रल हे नाव त्या तुलनेतूनच आले आहे.

ग्रंथाचे स्वागत सर्वत्र सारखे झाले नाही. त्याचेच गुरू सिल्व्हियस यांनी त्याला वेड्यात काढणारी पुस्तिका १५५१ मध्ये प्रसिद्ध केली. गेलेन चुकणे अशक्य. त्याच्यानंतर मानवी देहच बदलला असावा, इथपर्यंत गेलेनच्या समर्थकांची मजल गेली. व्हेसेलियसने तोवर अध्यापन सोडले होते. १५४३ च्या सुमारास आपली बरीच टिपणे जाळून तो सम्राट चार्ल्सच्या पदरी दरबारी वैद्य झाला. पुढे चार्ल्सचा पुत्र दुसरा फिलिप याच्या सेवेत तो स्पेनला गेला. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री १५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात डोळ्याजवळ जखमी झाला, तेव्हा त्याच्या उपचारासाठी व्हेसेलियसला खास पाचारण करण्यात आले होते. मात्र राजा वाचला नाही. शवविच्छेदनाच्या मेजापासून तो दूर गेला, तो कायमचाच.

तरीही १५५५ मध्ये त्याने ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली. हृदयाच्या उजव्या व डाव्या भागांमधील पडद्याला अदृश्य छिद्रे असून त्यांतून रक्त पलीकडे झिरपते, असे गेलेन सांगे. पहिल्या आवृत्तीत व्हेसेलियसने ही छिद्रे दिसत नसल्याचे नोंदवले, पण ती विधात्याची किमया मानून विषय सोडला. दुसऱ्या आवृत्तीत मात्र पडद्यातून रक्त जाते यावरच त्याने उघड शंका घेतली. अवयव कोठे आणि कसा आहे हे शरीररचनाशास्त्र सांगते. तो काम कसे करतो हे शरीरक्रियाशास्त्राचे क्षेत्र. छिद्रे नसतील तर रक्त जाते कोठून, हा प्रश्न त्यामुळे दुसऱ्या शास्त्राच्या दाराशी येऊन उभा राहिला. पादुआतील त्याचा उत्तराधिकारी रेआल्दो कोलोम्बो याने रक्त फुप्फुसांतून जाते असे दाखवले आणि पादुआतच शिकलेल्या विल्यम हार्वीने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला.

१५६४ मध्ये व्हेसेलियस जेरुसलेमच्या यात्रेला निघाला. जिवंत माणसाचे विच्छेदन केल्याबद्दल ही यात्रा त्याच्यावर लादली गेली, अशी कथा पुढे पसरली. तिला विश्वसनीय आधार नाही. परतीच्या सागरप्रवासात हाल सोसून तो ग्रीसजवळच्या झाकिन्थॉस बेटावर पोहोचला आणि तेथेच त्याच वर्षी, पन्नाशी गाठण्याआधी, त्याचा अंत झाला. त्याची कबर निश्चित करता आलेली नाही.

त्याच्या ग्रंथातही चुका होत्या. डोळ्यातील भिंग त्याने बुबुळामागे न दाखवता थेट डोळ्याच्या मध्यभागी दाखवले होते. पुढच्या पिढ्यांनी ती चूक त्याच्याच पद्धतीने, देह उघडून आणि पाहून, दुरुस्त केली. १८९५ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांनी अवयवांच्या हजारो नावांची छाननी करून एक प्रमाण सूची स्वीकारली. ती बैठक भरली होती बाझेलमध्ये, व्हेसेलियसचा ग्रंथ जेथे छापला गेला त्याच नगरात.