चार्ल्स सिमियन : कुलूपबंद बाकांपुढील पाळक

मंडळीत माणसे येईनाशी झाली म्हणजे पाळकाचा धीर खचतो. अशा वेळी चार्ल्स सिमियन ह्यांचे चरित्र आपण ध्यानात आणावे.

हे १७५९ साली इंग्लंडातील रेडिंग गावी जन्मले. १७७९ साली केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजात येताच, नियमाप्रमाणे प्रभुभोजन घेणे त्यांस भाग पडले. आपण अयोग्य आहो ह्या भीतीने ते शास्त्र वाचू लागले, आणि त्याच वर्षी ईस्टर सणात त्यांस पापक्षमेची खातरी पटली.

१७८२ साली बिशपसाहेबांनी त्यांस होली ट्रिनिटी मंडळीवर नेमिले. वय अवघे २३. मंडळीस दुसरेच गृहस्थ हवे होते. म्हणून बाकांच्या धन्यांनी आपापल्या बाकांस कुलपे लाविली व ते घरी राहिले. जे थोडे येत ते मधल्या वाटेत उभे राहत. सिमियन ह्यांनी पदरच्या पैशाने तेथे बाके मांडिली, तर कारभाऱ्यांनी ती बाहेर फेकून दिली. सायंकाळची उपासना आरंभिली, तर मंदिराच्या दारासच कुलूप पडले. हे दहा वर्षांहून अधिक चालले.

कायद्याचे बळ असूनही ते कज्जा करावयास गेले नाहीत. प्रभूच्या दासाने भांडू नये, हा तीमथ्यास केलेला बोध त्यांनी मनी धरिला. अर्ध्या मंडळीस दुप्पट आशीर्वाद मिळाला तर काही तोटा नाही, असे ते मानीत. पहाटे चारला उठून ते प्रार्थना करीत आणि वाटेत उभ्या असलेल्यांसाठी उपदेश तयार करीत. १७८८ साली धान्य महागले, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील गरिबांस स्वस्त पाव मिळावा म्हणून त्यांनी घोड्यावर बसून खेपा घातल्या. एकदा उपहासाने खिन्न होऊन त्यांनी शास्त्र उघडिले, तो ख्रिस्ताचा वधस्तंभ वाहणारा शिमोन दृष्टीस पडला. आपले नाव तेच, हे पाहून त्यांचे दुःख हलके झाले.

हळूहळू कुलपे निघाली व मंदिर भरले. त्यांचे साहाय्यक हेन्री मार्टिन १८०६ साली हिंदुस्थानात आले व त्यांनी नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले. त्याच मंडळीची ५४ वर्षे सेवा करून सिमियन १८३६ साली निवर्तले, तेव्हा शहरातील दुकाने बंद राहिली.

आज इंग्लंडातील पुष्कळ मंदिरांत उपस्थिती फार घटली आहे, आणि आपल्या खेड्यांतही कोठे कोठे सतरंजी अर्धी रिकामी दिसते. बंधुजनहो, न आलेल्यांवर रागावून आलेल्यांस उपाशी पाठवू नका. पाचच जण आले तरी पाचांसाठी पूर्ण तयारी करा. आणि जो येत नाही त्याच्या दारी, विशेषतः त्याच्या अडचणीच्या दिवशी, आपण होऊन जा.