अभियंत्यांचे गुरुजी : कै. डॉ. पुरुषोत्तम काशीनाथ केळकर

परीक्षेचे निकाल लागले की आपल्या महाड-पोलादपूरकडच्या घराघरांत एकच विचार सुरू होतो : मुलाला किंवा मुलीला इंजिनिअरिंगला घालायचे का? 1989 साली लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ निघाले, तेव्हापासून तर ही वाट अगदी उंबरठ्याशी आली आहे. शाखा कोणती, फी किती, नोकरी कुठे, हे सारे आपण विचारतो. तिथे शिकवणारे कोण आणि ते काय शिकवतात, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. ज्यांनी हाच प्रश्न जन्मभर मनाशी धरला, अशा एका प्राध्यापकांची ओळख भगिनींना करून द्यावी, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

पुरुषोत्तम काशीनाथ केळकर यांचा जन्म 1 जून 1909 रोजी धारवाडला झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विज्ञानाची पदवी, पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विजेच्या अभियांत्रिकीचा अभ्यास, आणि 1937 साली इंग्लंडात लिव्हरपूल विद्यापीठाची डॉक्टरेट, असा त्यांचा विद्यार्थिदशेचा प्रवास. आधी शुद्ध विज्ञान आणि मग अभियांत्रिकी, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांच्या पुढच्या साऱ्या विचारांचे मूळ मला तिथेच दिसते.

परत आल्यावर त्यांनी काही वर्षे बंगलोरला शिकवले आणि 1943 साली ते मुंबईला माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये विद्युत विभागाचे प्राध्यापक झाले. (या संस्थेच्या नावात आज राणी व्हिक्टोरियाच्या जागी वीरमाता जिजाबाई आहेत. पाचाडला ज्यांची समाधी आहे त्या माउलीचे नाव तिथे झळकते, हे आपल्या तालुक्याला भूषणच!) त्या काळी इंजिनिअर म्हणजे यंत्र चालवणारा आणि दुरुस्त करणारा हुशार माणूस, एवढीच बहुतेकांची समजूत होती. केळकरांना ती पुरेशी वाटत नव्हती. यंत्र आज आहे, उद्या बदलेल. त्यामागचे गणित आणि पदार्थविज्ञान पक्के असेल तरच नवे यंत्र घडवता येईल, हा त्यांचा आग्रह होता.

1956 साली मुंबईच्या आय.आय.टी.ची आखणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. 1958 साली वरळीला उसन्या जागेत पहिले वर्ग भरले आणि 10 मार्च 1959 रोजी पवईला पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. आता कोठे रोप मूळ धरू लागले होते. तोच केळकरांना कानपूरच्या नव्या आय.आय.टी.चे पहिले संचालक म्हणून बोलावणे आले. वय पन्नाशीचे. मुंबईत नाव, मान, स्थैर्य सारे होते आणि कानपूरला इमारतदेखील नव्हती. तरीही ते गेले. लावलेले रोप दुसऱ्याच्या हाती सोपवून परक्या अंगणात नव्याने माती खणणे किती अवघड, हे सासरी आलेल्या भगिनींना वेगळे सांगायला नको.

डिसेंबर 1959 मध्ये हार्कोर्ट बटलर संस्थेच्या कँटीनच्या इमारतीतील एका खोलीत कामाला आरंभ झाला. 1962 पासून दहा वर्षे अमेरिकेतील नऊ नामांकित विद्यापीठांचे साहाय्य मिळाले. पण पाहुणे दहा वर्षांनी जाणार, घर आपल्यालाच चालवायचे, हे केळकर ओळखून होते. परदेशी शिकत असलेल्या हुशार भारतीय तरुणांना त्यांनी शोधून शोधून बोलावून घेतले. पगार तिकडच्यापेक्षा कितीतरी कमी, गाव अनोळखी. तरी तरुण आले. आज जगप्रसिद्ध असलेले रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव त्यांतलेच, ते 1963 साली आले. स्वभावाने शांत, बोलणे हळू. पण माणसे जोडण्याची हातोटी विलक्षण होती.

अभ्यासक्रमही त्यांनी निराळाच मांडला. पहिली काही वर्षे सर्व शाखांच्या मुलांना गणित आणि विज्ञान सारखेच, आणि त्याच्या जोडीला साहित्य, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र यांसारखे विषय! पुलाचा हिशेब करणाऱ्याला तत्त्वज्ञान कशाला, असे अनेकांच्या मनात येई. पूल माणसांसाठीच असतो, मला वाटते यातच उत्तर आले. 1963 साली तिथे एक संगणक आला आणि विद्यार्थ्यांना तो शिकवण्याची सोय झाली. संगणक हा शब्दही तेव्हा घरोघर पोचला नव्हता! 1969 साली तिथून एम.टेक. झालेल्या नारायण मूर्तींचे नाव आज आपल्या मुलांनाही ठाऊक आहे.

कल्याणपूरच्या विस्तीर्ण आवारातील इमारतींचा आराखडा अच्युत कानविंदे यांनी केला. तेही कोकणचेच, आचऱ्याचे.

1969 साली केळकरांना पद्मभूषण मिळाले. 1970 मध्ये ते मुंबईला परतले आणि 1974 पर्यंत पवईच्या आय.आय.टी.चे संचालक होते. अकरा वर्षांपूर्वी कोनशिलेपाशी सोडून गेलेले रोप आता चांगले वाढले होते. 23 ऑक्टोबर 1990 रोजी त्यांचे निधन झाले. कानपूरने पुढे त्यांचे नाव आपल्या मुख्य ग्रंथालयाला दिले.