भिंगे घासणारा तत्त्वज्ञ

तत्त्वज्ञाला पैशाचा हिशोब कळत नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. बारुख स्पिनोझाचे चरित्र वाचल्यावर माझा तरी हा समज पार मोडला. इतका चोख हिशोब ठेवणारा माणूस विरळाच. त्याचे सूत्र एवढेच होते की गरज वाढू द्यायची नाही.

१६३२ साली अॅमस्टरडॅममध्ये एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. १६५६ साली ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केले. त्याच्याशी बोलणे, त्याच्यासह एका छपराखाली राहणे, त्याने लिहिलेले वाचणे, सारेच निषिद्ध ठरले. त्या वेळी त्याचे वय अवघे तेवीस होते. घरचा व्यापार सुटला. पुढे दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक यांसाठी लागणारी भिंगे घासण्याची कला त्याने हस्तगत केली. ख्रिस्तियान हॉयगेन्ससारख्या शास्त्रज्ञानेही त्याच्या भिंगांची वाखाणणी केली.

हेग शहरात तो एका चित्रकाराच्या घरी भाड्याने राहत असे. कोलेरस हा त्याचा जुना चरित्रकार. त्याला स्पिनोझाचे खर्चाचे कागद पाहायला मिळाले होते. एखादा दिवस दुधाच्या पेजेवर निघालेला, तर एखादा थोड्याशा लापशीवर. दर तिमाहीला तो जमाखर्चाची तोंडमिळवणी करी.

पैसा चालून आला नाही, असे मात्र नाही. सायमन डी व्हरीस या सधन मित्राने दोन हजार गिल्डर देऊ केले. स्पिनोझाने ते घेतले नाहीत. या मित्राच्या मृत्यूनंतर त्याचा भाऊ वर्षाला पाचशे गिल्डर द्यायला तयार झाला. कोलेरस सांगतो की स्पिनोझाने तीनशेच पुरेत म्हणून कळवले. मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. सरसकट नकार देणे एक वेळ सोपे. आपल्याला नेमके किती लागते हे ठाऊक असणे, आणि वरचे दोनशे परत करणे, फार अवघड!

या हिशोबाचे फळ १६७३ साली दिसले. हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद देऊ केले. विचारस्वातंत्र्याची हमी होती. मात्र प्रस्थापित धर्माला धक्का लागू नये, अशी अपेक्षाही होती. ही मर्यादा कुठवर ओढली जाईल, याची त्याला शंका आली आणि त्याने नम्रपणे नकार दिला. वाढलेल्या संसारखर्चाचे ओझे डोक्यावर असते, तर हा नकार त्याला परवडला असता का?

१६७७ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या विकाराने तो वारला. काचेच्या धुळीने हा विकार बळावला असावा, असे मानतात. मागे राहिली सुमारे १६० पुस्तके, थोडे सामान आणि 'एथिक्स'चे हस्तलिखित. मित्रांनी ते त्याच वर्षी प्रसिद्ध केले.

स्पिनोझाला बायकामुले नव्हती, म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी नव्हते. आपल्यापैकी अनेकांना घराला हातभार लावायचा आहे. त्याची पेज आपल्याला पुरणार नाही, हे उघड आहे. परंतु पगार वाढला की गरजाही वाढवायच्या, मग त्या भागवण्यासाठी मन मारून नोकरी करायची, हा फेरा आपल्यालाही चुकवता येईल. पहिला पगार हाती पडण्यापूर्वीच आपले 'तीनशे गिल्डर' किती, हे प्रत्येकाने ठरवून ठेवावे, असे मला मनापासून वाटते.