लंडनमध्ये हरले, सिलेक्शनमध्ये एका पॉइंटने मागे पडले, तरी खाशाबा जाधवांनी देशाला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल आणून दिलं

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत ब्रॉन्झ मेडल जिंकलं आणि सगळ्यांच्या टाइमलाइनवर एक जुनं नाव परत फिरायला लागलं. खाशाबा जाधव. कारण महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक मेडल मिळायला तब्बल 72 वर्षं लागली होती आणि त्याआधीचं मेडल खाशाबांचं होतं.

हेलसिंकी, 1952, ब्रॉन्झ मेडल. एवढं तर शाळेच्या जनरल नॉलेजच्या पुस्तकातही असतं. पण त्या मेडलच्या आधी खाशाबा किती वेळा हरले, किती जणांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं आणि तरी हा गडी तिथपर्यंत पोचला कसा, हे फारसं कुणी सांगत नाही.

तर सुरुवात होते कराडजवळच्या गोळेश्वर गावातून.

घरातच तालीम

15 जानेवारी 1926 ला खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांमध्ये खाशाबा सगळ्यात धाकटे. त्या काळी सातारा-कोल्हापूर पट्ट्यात पोरगं चालायला लागलं की त्याला लाल मातीत सोडायचे. खाशाबांचंही तसंच झालं. वडिलांनीच पहिले डाव शिकवले. पुढे कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण सुरू असताना बेलापुरे गुरुजी आणि बाबुराव बलवडे यांच्या हाताखाली त्यांची कुस्ती तयार झाली.

पण एक अडचण होती. पैलवान म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर येतो धिप्पाड गडी. खाशाबा अंगाने किरकोळ आणि उंचीला कमी. पन्नास-पंचावन्न किलोचा हा पोरगा पैलवान आहे, हे बघणाऱ्याला खरंच वाटायचं नाही.

याचा फटका त्यांना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये बसला. कॉलेजच्या स्पर्धेसाठी नाव द्यायला गेले, तर त्यांची तब्येत बघून क्रीडा शिक्षकांनी नाव घ्यायलाच नकार दिला. खाशाबा गप्प बसले नाहीत. थेट प्राचार्यांकडे गेले आणि एक संधी मागितली. प्राचार्यांनी परवानगी दिली, खाशाबा आखाड्यात उतरले आणि आपल्यापेक्षा दांडग्या पोरांना त्यांनी चितपट केलं.

ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याच्या मानेला कव घालायची आणि वेगात जमिनीवर आपटायचं. त्यात ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. आपल्या लहान शरीराला शोभेल अशी चपळ कुस्ती त्यांनी बनवली होती.

त्यांचा हा खेळ कोल्हापूरच्या महाराजांपर्यंत पोचला आणि 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला जायचा खर्च महाराजांनी उचलला.

लंडनमध्ये कळलं की ही कुस्तीच वेगळी आहे

लंडनला गेल्यावर खाशाबांसमोर होती मॅट.

आता मातीतली आणि मॅटवरची कुस्ती यात एवढा काय फरक असतो? तर मातीत पाय रुततो, पकड बसते, दमाने खेळता येतं. समोरच्याला अस्मान दाखवलं की कुस्ती संपली. मॅटवर मात्र पाय सरकतो, वेग वाढतो आणि घड्याळ सुरू असतं. समोरचा चीत झाला नाही, तरी कुणी जास्त चांगली कुस्ती केली हे पंच ठरवतात. म्हणजे मातीत तयार झालेल्या पैलवानाला उभं कसं राहायचं इथपासून परत शिकावं लागतं. खाशाबांकडे त्यासाठी फार वेळ नव्हता. रीस गार्डनर या अमेरिकन कोचने त्यांना मॅटचं तंत्र दाखवलं आणि तेवढ्या शिदोरीवर ते 52 किलोच्या फ्लायवेट गटात उतरले.

सुरुवात तर दणक्यात झाली. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. पण इराणच्या मन्सूर रईसीसमोर गाडी अडली आणि खाशाबा सहाव्या नंबरवर राहिले.

तेव्हाच्या भारतासाठी सहावा नंबर ही मोठीच गोष्ट होती. कुणी दुसरा असता तर तेवढ्यावर सत्कार घेत फिरला असता. खाशाबांनी मात्र हिशोब मांडला, की आपण ताकदीत कमी पडलेलो नाही, मॅटच्या सवयीत आणि दमात कमी पडलोय. पुढची चार वर्षं त्यांनी यावरच घालवली. जोर-बैठका वाढवल्या, रोजचा सराव वाढवला आणि गटही बदलला. 52 किलो सोडून ते 57 किलोच्या बँटमवेटमध्ये गेले. म्हणजे आता समोरचे पैलवान आणखी वजनदार असणार होते.

मेहनत झाली, पण तिकीट?

1952 उजाडलं. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांना विजेत्यापेक्षा एक पॉइंट कमी मिळाला आणि ऑलिम्पिकच्या टीममधून त्यांचं नाव गेलं. हा पॉइंट अधिकाऱ्यांनी मुद्दाम कमी दिला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी दाद मागितली ती पटियालाच्या महाराजांकडे. यादवेंद्र सिंग तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी खाशाबांना ट्रायलमध्ये परत संधी दिली. खाशाबांनी समोरच्याला लोळवलं आणि हेलसिंकीच्या टीममध्ये जागा मिळवली.

जागा मिळाली, पण पैसे नव्हते. फिनलंडला जायचा खर्च खेळाडूने स्वतः उभा करायचा होता. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. खाशाबांनी ओळखीच्या-अनोळखी लोकांपुढे हात पसरला. तरी आकडा जुळेना. शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि 7,000 रुपये उभे केले. कॉलेजमधून गेलेल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य होता, म्हणून हे मेडल आलं, असं म्हणायला हरकत नाही.

शेवटच्या फेरीत हरूनही मेडल कसं मिळालं?

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विनला हरवलं, मग मेक्सिकोच्या बासुर्तोला आणि मग जर्मनीच्या श्मिट्झला.

तेव्हा आजच्यासारखी क्वार्टर फायनल, सेमी फायनल अशी रचना नव्हती. पैलवान हरला किंवा समोरच्याला चीत न करता फक्त पंचांच्या निर्णयावर जिंकला, तर त्याच्या नावावर दंडाचे गुण चढायचे. ठरावीक गुण झाले की तो बाहेर. शेवटी उरलेल्या तिघांमध्ये मेडल वाटली जायची. या तिघांत पोचणं म्हणजे मेडल पक्कं. खाशाबा तिथे पोचले होते. बाकीचे दोघे होते जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत युनियनचा रशीद ममादबेयोव्ह.

इशीसोबतची कुस्ती लांबली आणि खाशाबा हरले. त्यानंतर लगेच त्यांना ममादबेयोव्हसमोर उभं केलं गेलं, असं सांगितलं जातं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण त्यावर भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. इशीला गोल्ड, ममादबेयोव्हला सिल्व्हर आणि खाशाबांना ब्रॉन्झ.

याच ऑलिम्पिकमध्ये फेदरवेट गटात खेळलेल्या केशव माणगावेंचं मेडल थोडक्यात हुकलं. ते चौथे आले.

स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. पुढचं यायला 1996 उजाडलं, लिएंडर पेसच्या रूपाने. आणि कुस्तीत तर थेट 2008 ला सुशील कुमारने मेडल आणलं.

मेडलनंतर काय झालं?

कराडमध्ये शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलालात माखलेले खाशाबा घरी आले आणि त्यांनी सगळ्यात आधी विचार केला तो कर्जाचा. कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचं घर सोडवलं.

1955 मध्ये ते पोलीस दलात फौजदार म्हणून लागले. तिथे त्यांनी सत्तावीस वर्षं काढली. प्रमोशन मात्र वर्षानुवर्षं अडून राहिलं आणि नोकरीच्या अगदी शेवटी ते सहायक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. मॅटवरच्या हाराकितीचा हिशोब करून पुढच्या वेळी तयारीने उतरता येतं. सरकारी फायलीपुढे असला कुठलाच डाव चालत नाही. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ते अपघातात खाशाबा गेले.

मान मिळाला तो त्यानंतर. नव्वदच्या दशकात शिवछत्रपती पुरस्कार, 2001 च्या सुमारास अर्जुन पुरस्कार, 2010 च्या कॉमनवेल्थ गेम्ससाठी बांधलेल्या दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला नाव, 2023 ला गुगलचं डूडल. महाराष्ट्र सरकारने त्यांचा जन्मदिवस, म्हणजे 15 जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. पद्म पुरस्कार मात्र अजूनही मिळालेला नाही. त्यासाठी त्यांच्या घरचे आणि कुस्तीप्रेमी वर्षानुवर्षं मागणी करतायत.

त्यामुळे यापुढे 15 जानेवारीला खाशाबांचा फोटो स्टेटसला ठेवाल, तेव्हा हेलसिंकीच्या ब्रॉन्झसोबत लंडनचा सहावा नंबर, मद्रासचा तो एक पॉइंट आणि कोल्हापुरातलं ते गहाण पडलेलं घरही लक्षात ठेवा.