कालव्याला शिस्त लावणारा अभियंता

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव निघाले की कृष्णराजसागर आठवतो. त्यांच्या कर्तृत्वाची पायाभरणी मात्र मुंबई इलाख्यात झाली, याचे विस्मरण होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले येऊन ते १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात दाखल झाले.

नाशिक-खानदेशातील उमेदवारीनंतर नीरा कालव्यावर पाण्याचा बेहिशेबी वापर त्यांच्या दृष्टीस पडला. जादा पाणी जमिनीत मुरते, भूजलाची पातळी चढते, क्षार वर येतात आणि निचऱ्याचे खारट पाणी अखेर नदीलाच मिळते. १८९९ च्या सुमारास त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आखली. सलग पट्ट्यांनाच ठरल्या पाळीने पाणी द्यावयाचे, पट्ट्याच्या एका भागातच ऊस घ्यावयाचा, उरलेल्या भागांत कमी पाण्याची पिके घेऊन त्यांची फेरपालट करावयाची, अशी ती रचना होती. खानदेशातील जुन्या फड पद्धतीशी तिचे साम्य उघड आहे. साशंक शेतकऱ्यांची समजूत त्यांनी स्वतः घातली. १९०३ साली त्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसविले.

१९०८ साली ते या नोकरीतून बाहेर पडले. पुढे म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ साली ‘भारतरत्न’ लाभले, १९६२ साली शंभरी ओलांडून ते निवर्तले.

त्यांची शिस्त मात्र टिकली नाही. ऊस सर्वत्र पसरला. नीरा-कृष्णाकाठची कितीतरी काळी जमीन क्षारपड झाली. गिरगाव-लालबागच्या चहात पडणाऱ्या साखरेच्या भावात या नापीक रानांची किंमत कोठेच धरलेली नसते. पाणी मोजून देण्याचा विश्वेश्वरय्यांचा आग्रह म्हणूनच आजही शिळा झालेला नाही.