दस्तयेवस्कीचा अपस्मार : चरित्र आणि पुरावा

नाशिकला पदव्युत्तर वर्गात दस्तयेवस्कीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. त्याला फेफरे येत असे. मग कादंबऱ्यांतील फेफऱ्याची वर्णने त्याच्या चरित्राचा पुरावा मानायची काय? अभंगांवरून संतांची चरित्रे रचण्याची सवय जडलेल्या आपल्या अभ्यासपरंपरेला हा प्रश्न परका नाही. फेफरे म्हटले की आपल्यापुढे जमिनीवर कोसळलेला माणूस आणि नाकाशी धरलेला कांदा उभा राहतो. चरकाने मात्र अपस्माराच्या मुळाशी स्मृतीचा लोप मानला आहे. दस्तयेवस्कीच्या बाबतीत हाच धागा अधिक उपयोगी पडतो.

फ्योदर दस्तयेवस्की 1821 मध्ये मॉस्कोत जन्मला. वडील गरिबांच्या रुग्णालयात डॉक्टर होते. 1846 मध्ये पहिल्या कादंबरीने त्याला कीर्ती मिळाली आणि त्याच सुमारास विचित्र त्रास सुरू झाला. मृत्यूची अकारण भीती वाटे, भोवळ येई. झोपेत आपण मेल्यासारखे दिसलो तर घाईने पुरू नये, अशी चिठ्ठी तो रात्री लिहून ठेवी, असे एका मित्राने नोंदविले आहे. त्याचा डॉक्टर मित्र यानोव्स्की याने या काळातच रोगाचा आरंभ पाहिला. मेंदूच्या कानशिलाकडील भागात, म्हणजे टेम्पोरल लोबमध्ये, उद्भवणाऱ्या अपस्माराचे सौम्य झटके असेच असू शकतात. क्षणभर दाटून येणारी भीती, ओळखीचे अनोळखी वाटणे, अन् भोवतालच्यांना काही कळण्याआधी सारे सरलेले. अर्थात दीडशेहून अधिक वर्षांनंतर केलेले हे निदान अनुमानच राहणार. परंतु 1847 च्या ‘घरमालकीण’ या कथेतील मुरीनला फेफरे येते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

1849 मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला अटक झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वधस्तंभापर्यंत नेऊन ऐनवेळी शिक्षा बदलण्यात आली. नंतर ओम्स्क येथे चार वर्षे सक्तमजुरी आणि पुढे सेमिपलातिन्स्कला सैनिकी सेवा. रोगाचा उगम या छळात शोधणारे चरित्रकार पुष्कळ आहेत. यानोव्स्कीची साक्ष मानली तर छळाने रोग बळावला एवढेच म्हणता येते. 1857 मध्ये मारिया इसायेव्हाशी विवाह करून परतताना बर्नाऊल येथे त्याला मोठा झटका आला. तेथील डॉक्टरने हा खरा अपस्मार असल्याचे सांगितले. तोपर्यंत हा मज्जातंतूंचा किरकोळ विकार असावा अशी आशा तो बाळगून होता. हे आधी ठाऊक असते तर लग्नच केले नसते, असे त्याने भावाला कळविले. 1859 मध्ये याच रोगाच्या कारणावरून त्याची सैन्यातून सुटका झाली.

झटक्यापूर्वीच्या दिव्य आनंदाचा प्रश्न सर्वांत वादग्रस्त आहे. ‘इडियट’मधील मिश्किनला तो लाभतो, हा कादंबरीचा पुरावा झाला. पण स्त्राखोव्ह या स्नेह्याने 1863 मधील एक प्रसंग प्रत्यक्ष पाहिला होता. ईस्टरच्या आदल्या रात्री दस्तयेवस्की उत्साहाने बोलत असता मध्येच थांबला, किंकाळीसारखा आवाज झाला आणि तो कोसळला. त्या आनंदाविषयी तो स्वतःही स्त्राखोव्हशी बोलला होता. 1928 मध्ये फ्रॉइडने हा रोग उन्मादजन्य ठरविला. माझ्या मते त्याने वैद्यकीय साक्षींना फारच कमी महत्त्व दिले. 1963 मध्ये अलाजुआनीनने टेम्पोरल लोबच्या अपस्माराचा पक्ष मांडला. गॅस्टो या फ्रेंच तज्ज्ञाने 1978 मध्ये त्या आनंदाविषयी शंका घेतली आणि 1984 मध्ये आपले मत सौम्य केले. कादंबरी आणि स्नेह्याची आठवण एकमेकांस दुजोरा देतात, तेथे शंकेला जागा कमी उरते.

आनंदापेक्षा झटक्यानंतरचे दिवस त्याला अधिक भोवत. आपल्या हातून घोर अपराध घडला आहे अशी खिन्नता दाटे आणि स्मृती जाई. स्वतःच्याच पात्रांची नावे विसरल्याने लिहिलेला मजकूर त्याला पुन्हा वाचावा लागे. 1866 मध्ये लघुलेखिका आन्ना स्नित्किना हिला त्याने ‘जुगारी’ 26 दिवसांत सांगून लिहविली आणि पुढच्या वर्षी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर काही दिवसांतच तिने पहिला झटका पाहिला; पुढील चौदा वर्षे ती त्याची स्मृती बनून राहिली.

1878 मध्ये त्याचा धाकटा मुलगा अल्योशा, तीन वर्षांचाही झालेला नसताना, दीर्घ झटक्याने गेला. रोग आपल्याकडूनच आला या विचाराने बाप खचला. त्यानंतर पूर्ण झालेल्या ‘करमाझव बंधू’मध्ये त्याने मुलाचे नाव नायकाला दिले. फेफरे मात्र दिले स्मेर्द्याकोव्हला, आणि खुनाच्या रात्री तो त्याचे सोंग करतो.