कान्होबा कीर्तिकर आणि गुडमारची पुडी

बडोद्यातल्या जाणत्या मराठी मंडळींना कीर्तिकर हे नाव १९०९ सालच्या साहित्य संमेलनामुळे ठाऊक असते. सयाजीराव महाराजांच्या या नगरीत भरलेल्या त्या संमेलनाचे अध्यक्षपद कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी भूषविले होते. माझा आणि त्या नावाचा परिचय मात्र माझ्या आत्याच्या आजारपणात झाला.

आत्या सौंसरची. संत्र्यांच्या बागांचा, घरोघर मराठी बोलणारा तो मुलूख. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि छिंदवाड्यातले सौंसर त्यात गेले. आत्याला मधुमेह जडून बरीच वर्षे झालेली. दोन वर्षांपूर्वी पोळ्याला ती पांढुर्ण्यास गेली आणि तिथल्या बाजारातून गुडमारची पुडी घेऊन आली. गोळ्यांनी पोट बिघडते, त्यापेक्षा झाडपाला बरा, असे मनाशी ठरवून तिने गोळ्या सोडल्या. घरात कोणाला सांगितले नाही. दोनेक महिन्यांनी पायाची जखम चिघळली तेव्हा रक्त तपासले, तर साखर चारशेच्या घरात. पाय वाचला, पण एक बोट गेले.

मी भेटीला गेलो तेव्हा ती पुडी फडताळात होती. गुडमारचा खरा पाला चघळला की काही वेळ जिभेला गोडी कळत नाही. साखर मातीसारखी लागते. म्हणूनच त्याचे नाव गुडमार, आपल्याकडे त्यालाच बेडकीचा पाला म्हणतात. मी चिमूटभर भुकटी बराच वेळ चघळली आणि वर साखर खाल्ली. साखर गोडच लागली. पुडीत जुना पाला होता की भलताच, हे सांगणारे कोणी नव्हते.

बडोद्याला परतल्यावर एका वैद्य स्नेह्यांनी माझ्यापुढे कीर्तिकर आणि बसू यांच्या ग्रंथाचे खंड ठेवले. हे कीर्तिकर म्हणजे संमेलनाचे अध्यक्षच, हे तेव्हा मला समजले.

कीर्तिकरांचा जन्म १८४९ सालचा. ते सरकारी वैद्यकसेवेत शिरले आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. वृत्तीने ते कवी होते. टेनिसनच्या एका दीर्घकाव्यावरून त्यांनी रचलेले ‘इंदिरा’ हे काव्य १८८४ साली प्रसिद्ध झाले. पण शस्त्रवैद्य आणि कवी यांच्या जोडीला त्यांच्या ठायी वनस्पतींचा एक चिकाटीचा अभ्यासक होता. मुंबई परिसरातल्या विषारी वनस्पतींवर त्यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. विषारी झाड ओळखण्यात चूक झाली तर माणूस दगावतो, ही जाणीव ज्याने बाळगली त्याने औषधी झाडांकडे वळावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

त्याच सेवेतले मेजर बामनदास बसू यांच्या साह्याने त्यांनी हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींचा महाग्रंथ सिद्ध केला. प्रत्येक झाडाचे शास्त्रीय नाव, निरनिराळ्या भाषांतली नावे, पाना-फुलांचे वर्णन, ते कोठे उगवते आणि त्याचा कोणता उपयोग कोणी नोंदविला आहे, हे सारे त्यात क्रमाने येते. सोबत हजारावर चित्रे. १९१७ साली कीर्तिकर निवर्तले आणि ग्रंथ १९१८ साली अलाहाबादच्या पाणिनि कार्यालयातून बाहेर पडला. छापून पुरा झालेला ग्रंथ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांच्या हयातीत इन्शुलिन नव्हते. ते रोग्याला प्रथम टोचले गेले १९२२ साली. तरीही एखादे झाड मधुमेह बरा करते, असा डांगोरा या ग्रंथाने पिटला नाही. लोक काय सांगतात ते नोंदवावे, सांगणाऱ्याचे नाव द्यावे आणि झाड चुकू नये म्हणून चित्र द्यावे, ही त्याची शिस्त. पुढची पायरी इतरांनी चढायची होती. डॉ. म्हसकर आणि फादर केयस यांनी मुंबईच्या हाफकिन संस्थेतून १९३० साली गुडमारवरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. पुढे ग्रंथाची दुसरी आवृत्ती फादर ब्लॅटर यांच्यासह याच दोघांनी तयार केली. विजयसाराच्या लाकडाचीही रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९८ साली आले; ते आशादायक होते, पण रुग्ण सौम्य मधुमेहाचे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

आत्याने सोडलेली गोळी मेटफॉर्मिनची होती. तिचे मूळही युरोपातल्या एका झुडपात सापडते. पण त्या झुडपातले द्रव्य जसेच्या तसे घातक ठरले. रसायनशाळेतून निघालेला त्याचा सौम्य भाऊबंद १९५७ साली रोग्यांपर्यंत पोचला. म्हणजे आत्याने झाडपाल्यासाठी जे टाकले, तेही दूरच्या नात्याने झाडपालाच होते. फक्त तपासलेला, मोजलेला.

ग्रंथातल्या गुडमारच्या चित्राची प्रत मी आत्याला पाठवली आहे. गोळ्या ती आता नेमाने घेते. गुडमार हवाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावा, कारण खरा पाला गोळ्यांच्या जोडीने साखर फार खाली नेऊ शकतो, हेही तिला पटले आहे. यंदा पोळ्याला तिने त्या विक्रेत्यापुढे चित्र धरले आणि भुकटी नको, वेल दाखव, असे सांगितले. वेल त्याच्याकडे नव्हता. ती रिकाम्या हाताने सौंसरला परतली, याचे मला फार समाधान वाटले.